फिलिपीन्स आयोग (१९००–१९१६)

अमेरिकेच्या ताब्यात आलेल्या फिलिपीन्स बेटांचा मुलकी कारभार चालवण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले मंडळ. १ सप्टेंबर १९०० पासून हा आयोग तेथील कायदेमंडळ होता. जुलै १९०१ मध्ये त्याचे अध्यक्ष बेटांचे मुलकी गव्हर्नर झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून आयोगाचे अमेरिकन सदस्य निरनिराळ्या खात्यांचे सचिवही झाले. म्हणजे कायदा करणारे, तो राबवणारे आणि त्यासाठी माणसे नेमणारे तेच मोजके लोक होते. १९०७ मध्ये निवडून आलेली फिलिपीन्स सभा भरली, तेव्हापासून आयोगाकडे वरिष्ठ सभागृहाचे काम राहिले आणि १९१६ च्या जोन्स कायद्याने तो संपुष्टात आला. अमेरिकेची वसाहतनीती समजून घ्यायची तर जाहीरनाम्यांच्या आधी या आयोगाच्या नेमणुका तपासाव्यात. कोणत्या जागेवर कोणाला बसवले, यातून त्या राज्यकर्त्यांचा मनसुबा जितका स्पष्ट दिसतो तितका त्यांच्या भाषणांतून दिसत नाही.

स्थापना : १८९८ च्या युद्धात स्पेन हरला आणि डिसेंबरातील पॅरिस तहानुसार २ कोटी डॉलर देऊन अमेरिकेने फिलिपीन्स घेतले. एमिलिओ आगिनाल्दो यांच्या नेतृत्वाखाली स्वातंत्र्य जाहीर केलेल्या फिलिपिनो लोकांना हा सौदा मान्य होणे शक्यच नव्हते. फेब्रुवारी १८९९ मध्ये लढाई पेटली. त्या वर्षी कॉर्नेल विद्यापीठाचे अध्यक्ष जेकब शुरमन यांच्या आयोगाने पाहणी करून अहवाल दिला, पण त्याच्या हाती सत्ता नव्हती. सत्ता मिळाली ती दुसऱ्या आयोगाला. विश्वकोशांत ‘फिलिपीन्स आयोग’ म्हटला जातो तो मुख्यतः हाच.

जानेवारी १९०० मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांनी विल्यम हॉवर्ड टॅफ्ट यांना वॉशिंग्टनला बोलावून घेतले. टॅफ्ट मॅकिन्ली यांच्याच ओहायओ राज्यातले, सिनसिनाटीचे, त्या वेळी फेडरल अपील न्यायालयात न्यायाधीश. सर्वोच्च न्यायालयात बसावे ही त्यांची जुनी इच्छा. बेटे ताब्यात घेणेच आपल्याला पटलेले नाही, असे त्यांनी राष्ट्राध्यक्षांना तोंडावर सांगितले. मॅकिन्ली यांना त्यात अडचण वाटली नाही. युद्धमंत्री एलिहू रूट यांनी कर्तव्याची आठवण करून दिली, न्यायालयाच्या जागेचा पुढे विचार होईल असा दिलासा मिळाला आणि टॅफ्ट तयार झाले. बेटांवर कधी पाऊलही न ठेवलेला हा न्यायाधीश लाखो लोकांचा शास्ता झाला, तो असा.

उरलेल्या चौघांची निवडही पाहण्यासारखी आहे. ल्यूक राइट हे टेनेसीचे वकील आणि विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे. त्यामुळे आयोग एका पक्षाचा नाही असे सांगता येत होते. व्हरमाँटचे हेन्री आइड सामोआत सरन्यायाधीश राहिलेले. बर्नार्ड मोझेस कॅलिफोर्निया विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. डीन वूस्टर मिशिगन विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ. पक्ष्यांच्या शोधात ते आधी या बेटांवर हिंडलेले होते आणि शुरमन आयोगातही होते. पाचांपैकी फिलिपीन्सची प्रत्यक्ष ओळख असलेले ते एकटेच.

आयोग ३ जून १९०० रोजी मनिलात पोचला. लष्करी गव्हर्नर आर्थर मॅकार्थर यांना ही मंडळी आपल्या अधिकारात वाटेकरी म्हणून आलेली दिसली आणि स्वागत थंडच झाले. सदस्य धक्क्यावर उतरले तेव्हा मॅकार्थर स्वतः गेले नाहीत. बसायला पाचही जणांना मिळून एकच लहानशी खोली मिळाली. पुढचे वर्षभर दोघांत पत्रापत्री आणि कुरबुरी चालल्या. हा मानापमानाचा किस्सा म्हणून सोडून देण्याजोगा नाही, कारण पैसा आणि नेमणुका आयोगाकडे व बंदुका सेनापतीकडे अशी विभागणी रूट यांच्या हाताने लिहिलेल्या ७ एप्रिल १९०० च्या सूचनापत्रातच होती. ४ जुलै १९०१ रोजी टॅफ्ट यांनी गव्हर्नरपदाची शपथ घेतली तेव्हा शांत झालेल्या प्रांतांपुरता हा वाद मिटला.

नोकरीचे नियम : आयोगाच्या पहिल्या कायद्याने रस्ते व पुलांसाठी २० लाख मेक्सिकन डॉलर (तेव्हा बेटांवर चालणारे चांदीचे नाणे) मंजूर केले. दुसऱ्याने ५,००० डॉलर दिले ते बेंगेतच्या डोंगरात रेल्वे नेता येईल का याची मोजणी करण्यासाठी. युद्ध चालू असताना थंड हवेच्या ठिकाणाची ही घाई लक्षात राहते. पुढे तेथे बाग्यिओ हे उन्हाळी राजधानीचे शहर उभे राहिले. अमेरिकन अधिकारी त्याची तुलना सिमल्याशी करत. रेल्वेऐवजी झालेल्या बेंगेत रस्त्याचा पहिला अंदाज ७५,००० डॉलरचा होता, खर्च २० लाखांच्या घरात गेला, आणि त्या पैशांवर ज्यांचा हक्क होता त्यांना कोणी विचारले नव्हते.

पाचवा कायदा, सप्टेंबर १९०० चा, मुलकी नोकरीचा. स्पर्धा परीक्षा घेऊनच भरती करायची आणि गुण सारखे असतील तर आधी फिलिपिनो उमेदवाराला, मग सन्मानाने निवृत्त झालेल्या अमेरिकन सैनिकाला घ्यायचे, असा त्याचा गाभा होता. अमेरिकेत निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने आपल्या माणसांना पोस्टमास्तरकीपासून जकात कचेरीपर्यंत जागा वाटायच्या ही जुनी रीत होती. तिची लागण बेटांना होऊ नये याची टॅफ्ट आणि रूट यांना मनापासून काळजी होती आणि खालच्या जागांपुरते त्यांना त्यात बऱ्याच अंशी यशही आले. तरी प्रांतांच्या तिजोऱ्या सांभाळणारे अमेरिकन खजिनदार अपहार करून मनिलाच्या बिलिबिद तुरुंगात गेल्याची उदाहरणे पहिल्या काही वर्षांत घडली. फिलिपिनो लोकांना प्रामाणिक कारभार शिकवायला आलो आहोत असे सांगणाऱ्या सरकारसाठी ही फार मोठी नामुष्की होती.

परीक्षेचा नियम जेथे थांबत होता तेथून राजकारण सुरू होत होते. अमेरिकन काँग्रेसने बेटांच्या कारभारासाठी केलेल्या १९०२ च्या मूलभूत कायद्यानुसार गव्हर्नर, आयोगाचे सदस्य आणि खात्यांचे सचिव राष्ट्राध्यक्ष नेमत आणि सिनेट त्यांना मान्यता देई. ब्रिटनसारखे स्वतंत्र वसाहत खाते किंवा भारतातील आय.सी.एस. सारखी कायमची श्रेणी अमेरिकेकडे नव्हती. सगळा कारभार युद्ध खात्यातील ‘ब्यूरो ऑफ इन्सुलर अफेअर्स’ या कचेरीतून, क्लॅरेन्स एडवर्ड्स या लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली चाले. टॅफ्ट १९०४ मध्ये युद्धमंत्री झाले, १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष. त्यामुळे मनिला सोडल्यावरही १९१३ पर्यंत मनिलाच्या नेमणुका त्यांच्याच शब्दावर चालल्या. राइट, आइड, जेम्स स्मिथ आणि कॅमेरॉन फोर्ब्ज हे त्यांच्यानंतरचे चारही गव्हर्नर आयोगातूनच वर आले.

फिलिपिनो सदस्य : १ सप्टेंबर १९०१ रोजी त्रिनिदाद पार्दो दे तावेरा, बेनितो लेगार्दा आणि होसे लुसुरियागा हे तिघे आयोगावर आले. तिघेही श्रीमंत, सुशिक्षित आणि अमेरिकेशी जुळवून घेण्याच्या मताचे. डिसेंबर १९०० मध्ये स्थापन झालेला फेडरल पक्ष, ज्याला फिलिपीन्स अमेरिकेचे एक राज्य व्हायला हवे होते, तो पार्दो दे तावेरा यांचा. प्रांतांचे गव्हर्नर आणि न्यायाधीश नेमताना टॅफ्ट याच पक्षाच्या माणसांना झुकते माप देत. सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशपदी कायेतानो आरेयानो आले, पण न्यायाधीशांत बहुमत अमेरिकनांचेच राहिले.

ब्रिटिश भारताशी तुलना केली तर ही पावले मोठी वाटतात. त्याच वर्षांत गोपाळ कृष्ण गोखले यांना कलकत्त्याच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलता येत होते, त्यावर मत देता येत नव्हते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात पहिला भारतीय, सत्येंद्रप्रसन्न सिन्हा, १९०९ मध्ये आला. पण मनिलातील तिघांना सुरुवातीला एकही खाते दिले नव्हते, हे विसरून चालणार नाही. वित्त व न्याय खाते ग्रेगोरिओ आरानेता यांच्याकडे आले ते १९०८ मध्ये. शिक्षण, पोलीस आणि डोंगरी प्रदेश अमेरिकनांच्याच हाती राहिले. राइट गव्हर्नर असताना फेडरल पुढाऱ्यांशी त्यांचे बिनसले; पार्दो दे तावेरा आणि लेगार्दा यांनी १९०५ मध्ये दौऱ्यावर आलेल्या टॅफ्ट यांच्या कानावर गाऱ्हाणे घातले आणि पुढच्या वर्षी राइट यांची रवानगी राजदूत म्हणून जपानला झाली. नेमून दिलेल्या माणसांनाही दबाव आणता येत होता, याचे हे उदाहरण. मात्र तो वॉशिंग्टनच्या दारी जाऊन आणावा लागत होता.

सभा आणि आयोग : १६ ऑक्टोबर १९०७ रोजी फिलिपीन्स सभेचे उद्घाटन झाले. निवडणुकीत स्वातंत्र्यवादी नासिओनालिस्ता पक्षाची सरशी झाली आणि सर्हिओ ओस्मेन्या सभापती झाले. मताधिकार तेवीस वर्षांवरील अशा पुरुषांना होता, ज्यांनी स्पॅनिश काळात पद भूषवले होते, ज्यांची ५०० पेसोंची स्थावर मालमत्ता होती किंवा जे वर्षाला ३० पेसो कर भरत, अथवा ज्यांना इंग्रजी वा स्पॅनिश लिहिता-वाचता येत होते. सभेने मंजूर केलेले आयोग फेटाळू शकत होता. अर्थसंकल्पावर एकमत झाले नाही तर मागच्या वर्षाच्या रकमा आपोआप चालू राहत, म्हणजे पैसा अडवून सरकारला नमवण्याचा मार्गच बंद. दक्षिणेकडील मुस्लिमबहुल मोरो प्रांत आणि बिगर-ख्रिस्ती जमातींचा प्रदेश तर सभेच्या कक्षेबाहेरच ठेवला होता.

त्या प्रदेशावर अंतर्गत खात्याचे सचिव म्हणून वूस्टर यांची हुकमत होती. ते १९१३ पर्यंत आयोगावर टिकले. सगळ्यांत दीर्घ कारकीर्द त्यांचीच आणि सगळ्यांत जास्त रोषही त्यांच्यावरच. ऑक्टोबर १९०८ मध्ये मनिलातील ‘एल रेनासिमिएन्तो’ या वृत्तपत्राने ‘आवेस दे रापिन्या’, म्हणजे शिकारी पक्षी, हा अग्रलेख छापला. त्यात नाव कोणाचेच नव्हते. शास्त्रज्ञाचा आव आणून डोंगरात जाणाऱ्या आणि तेथील सोने हुंगणाऱ्या अधिकाऱ्याचे वर्णन होते. वूस्टर यांनी ते स्वतःवर घेऊन बदनामीचा दावा लावला. न्यायालयांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला, भरपाईच्या ओझ्याखाली पत्र बंद पडले. संपादक तेओदोरो कालाव मात्र सभेवर निवडून गेले. ज्या सचिवावर लेख होता तो सत्तेवर कायम आणि ज्या न्यायालयात दावा चालला तेथील न्यायाधीशही त्याच सत्तेने नेमलेले. लोकांचा निकाल कालाव यांना मिळालेल्या मतांत वाचायला हवा.

हॅरिसन आणि शेवट : १९१२ मध्ये वुड्रो विल्सन निवडून आले आणि सोळा वर्षांनी डेमोक्रॅटिक पक्षाकडे सत्ता गेली. वॉशिंग्टनमधील फिलिपिनो रेसिडेंट कमिशनर, म्हणजे अमेरिकन काँग्रेसमधील मताधिकार नसलेले प्रतिनिधी, मान्वेल केसोन यांनी या संधीचा पुरेपूर उपयोग केला. गव्हर्नर-जनरल पदासाठी न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य फ्रान्सिस बर्टन हॅरिसन यांचे नाव पुढे सरकवण्यात त्यांचा हात होता. हॅरिसन ऑक्टोबर १९१३ मध्ये मनिलात उतरले आणि आयोगात प्रथमच फिलिपिनो सदस्यांचे बहुमत होणार असल्याचे त्यांनी जाहीर केले : नवांपैकी पाच. फोर्ब्ज यांना तारेने दूर करण्यात आले होते; जुने अमेरिकन सचिव गेले, खातेप्रमुख एकामागून एक बदलले.

१९१३ मध्ये सरकारी नोकरीत २,६२३ अमेरिकन आणि ६,३६३ फिलिपिनो होते. १९२१ मध्ये ६१४ अमेरिकन आणि १३,२४० फिलिपिनो. हॅरिसन यांच्यावर पक्षाच्या सोयीने जागा वाटल्याचा आणि कारभार ढिला केल्याचा आरोप झाला. सरकारी फिलिपीन्स नॅशनल बँकेचा १९२० च्या सुमाराचा आर्थिक गोंधळ पाहता तो सगळाच खोटा नव्हता. तरीही एका पिढीला स्वतःचा देश स्वतः चालवण्याचा सराव मिळाला तो याच आठ वर्षांत, आणि तो परीक्षेतल्या अग्रक्रमाने इतका मिळाला नसता. २९ ऑगस्ट १९१६ च्या जोन्स कायद्याने आयोगाच्या जागी निवडून आलेले सिनेट आले. गव्हर्नर-जनरल आणि शिक्षण खाते सांभाळणारा उप-गव्हर्नर मात्र अमेरिकनच राहिले.

प्वेर्तो रिकोतील समांतर व्यवस्था : प्वेर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातील बेटही अमेरिकेने १८९८ मध्ये स्पेनकडूनच घेतले होते. १९०० च्या फोरेकर कायद्याने तेथे राष्ट्राध्यक्षनियुक्त अकरा जणांची कार्यकारी परिषद नेमली, किमान पाच स्थानिक, पण सहा खाती अमेरिकनांकडे. १९०९ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाने अर्थसंकल्प अडवला, तेव्हा काँग्रेसने ऑल्मस्टेड दुरुस्ती करून फिलिपीन्सप्रमाणेच जुन्या रकमा चालू ठेवण्याची तरतूद तेथे लावली. तेथील परिषदेची विधायक सत्ता १९१७ मध्ये गेली, गव्हर्नर नेमण्याचा अधिकार मात्र वॉशिंग्टनकडेच राहिला. १९२१ मध्ये वॉरन हार्डिंग यांनी आपल्या उमेदवारीचे सुरुवातीचे पाठीराखे, कॅन्सस सिटीचे ई. माँट रायली यांना तेथे पाठवले. स्वातंत्र्य मागणाऱ्यांना त्यांनी पहिल्याच भाषणात दम भरला, कारभार तंट्यांत अडकला आणि १९२३ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. प्वेर्तो रिकोच्या मतदारांना आपला गव्हर्नर निवडण्याचा हक्क मिळाला तो १९४७ च्या कायद्याने, आणि १९४८ मध्ये लुईस मुन्योस मारिन निवडून आले.