किती वॅट ते सोडा, किती अंश ते विचारा

पहिला मूव्हिंग हेड, म्हणजे मान फिरवणारी पार्टीची लाईट, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतला तेव्हा दुकानदाराला मी एकच प्रश्न विचारला होता, वॅट किती? तो म्हणाला, "दीडशे आहे भाऊ, फाडून टाकेल." पुढच्याच आठवड्यात परळला एका चाळीच्या पटांगणात हळद होती, स्टँडवर लाईट चढवली, चालू केली आणि समोरच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीवर एक फिकट पांढरा गोल इकडून तिकडे फिरायला लागला, बस्स. नवरीची आजी म्हणाली, अरे टॉर्च कोण मारतंय रे?

चूक दुकानदाराची नव्हती, प्रश्नच चुकीचा होता. वॅट म्हणजे लाईट वीज किती खाते, उजेड कुठे टाकते ते त्यातून कळत नाही. ते कळतं बीमच्या, म्हणजे उजेडाच्या झोताच्या, कोनावरून. तेवढाच मस्का एका पावाला लावायचा की अख्ख्या लादीला, असा हिशोब आहे. कोन अर्धा केला की गोलाचा व्यास साधारण अर्धा होतो, क्षेत्रफळ पाव आणि म्हणून उजेड चौपट. अंतराचंही तसंच, दुप्पट लांब गेलात की उजेड चौथा हिस्सा. १५ अंशाची लाईट ५ मीटरवर सव्वा मीटरच्या आसपासचा गोल टाकते, १० मीटरवर अडीच मीटरच्या वर. माझी लाईट वॉश होती, ४० अंशाची! ती भिंती रंगवायला असते, रेषा मारायला नाही.

आता शार्पीबद्दल, कारण ऑर्डर देणारी पार्टी हमखास "शार्पी आहे का" विचारते. शार्पी हे मुळात एका इटालियन कंपनीच्या एका मॉडेलचं नाव, त्यात १८९ वॅटचा डिस्चार्ज दिवा असायचा, आपल्याकडे मात्र कुठलाही बारीक बीम म्हणजे शार्पी. त्या दिव्यात उजेड निघतो तो जेमतेम मिलिमीटरभराच्या ठिणगीतून. उगम जेवढा छोटा तेवढा उजेड भिंगातून बारीक करता येतो. एलईडीची चिप त्यापेक्षा मोठी, आणि वॅट वाढवायचे तर चिप अजून मोठी करावी लागते, म्हणजे गंमत बघा, वॅट वाढले म्हणून बीम बारीक होत नाही, त्याच भिंगातून तो उलट जाडच होतो, मग समोर मोठं भिंग लावा आणि वजन वाढवा. म्हणून चांगली एलईडी बीम लाईट कधीकधी कमी वॅटची असते आणि तरी दीडशेवाल्या वॉशला हवेत खाऊन टाकते.

मग एलईडी घ्यायचीच कशाला? कारण चाळीत एमसीबी पडतोच. डिस्चार्ज दिवा एकदा विझला की थंड होईपर्यंत परत पेटत नाही, आणि ती पाच-दहा मिनिटं पब्लिक तुमच्याकडे बघत असते. एलईडी वीज आली की चालू. शिवाय ८० वॅटच्या चार लाईटी म्हणजे सगळ्या मिळून ३२०, घरातला मिक्सर याहून जास्त खातो.

रंगात एक मेख आहे. पांढरी एलईडी खरं तर निळी असते, वर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे चमकणाऱ्या पावडरचा, थर चढवलेला (या निळ्या एलईडीसाठीच २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं). त्या उजेडात गडद लाल मुळातच कमी, त्यामुळे कलर व्हीलवर (आतल्या रंगीत काचांच्या चकतीवर) लाल आणला की लाईट एकदम मंदावते, कितीही भारी असू दे. लाल-केशरी भरपूर हवा असेल तर लाल-हिरव्या-निळ्या वेगळ्या चिप असलेला वॉशच लावा.

फिरण्याचं गणित पण बघून घ्या. पॅन, म्हणजे आडवं फिरणं, साधारण ५४० अंश असतो. त्याला एकच चॅनल (कंट्रोलरकडून येणारा एक आकडा) दिला तर २५६ पायऱ्या मिळतात, म्हणजे एक पायरी दोन अंशांहून थोडी मोठी, आणि १० मीटरवर तो गोल फूटभराहून जास्त उडी मारतो. फास्ट गाण्यात कोणाला कळत नाही, पण नवरा-नवरीच्या एंट्रीला सावकाश फिरवायला गेलात की झटके दिसतात. बारीक हालचालीसाठी दुसरा, फाइन चॅनल असला की पायऱ्या ६५,५३६ होतात आणि उडी मिलिमीटरवर येते.

डीएमएक्सची, म्हणजे कंट्रोलरचे हुकूम लाईटींपर्यंत नेणारी, केबल हा माझा आवडता राग. १९८६ पासूनचा प्रोटोकॉल, एका लाइनवर ५१२ चॅनल, एक बिट फक्त ४ मायक्रोसेकंदाचा. पिना जुळतात म्हणून लोक माइकची केबल लावतात, दोन लाईटींना चालतेसुद्धा, पण लांब ओढली की सिग्नल टोकाला आपटून परत येतो, आपल्या साउंडमध्ये एको येतो तसा, आणि मग लाईटी अंगात आल्यासारख्या घुमायला लागतात. शेवटच्या लाईटीत दोन आणि तीन नंबरच्या पिनमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर टाकायचा, कटिंग चहापेक्षा स्वस्त पडतो.

परत त्या पटांगणाकडे येतो, कारण तिथे कोनाइतकाच लोचा धुराचाही होता. उजेड बाजूने दिसतच नाही, हवेतल्या कणांवर आपटून डोळ्यात आला तरच दिसतो, सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आली की तिच्यात धूळ दिसते तसं. हॉलमध्ये हेझर (विरळ धुकं सोडणारं मशीन) लावला तर बारीक थेंब बराच वेळ तरंगतात आणि बीम उभा राहतो (स्मोक अलार्मचं मॅनेजरला आधी विचारा, नंतर नाही). उघड्यावर समुद्राकडून वारा सुटला की तुमचा फॉग पाच सेकंदात शेजारच्या बिल्डिंगमध्ये. तिथे बीमचा नाद सोडा, नक्षी टाकणारी स्पॉट लाईट घ्या आणि गोबोची (लाईटीतल्या नक्षीच्या चकतीची) नक्षी भिंतीवर मारा, भिंत कुठे उडून जात नाही. बँक्वेट हॉलचं छत खाली असलं तर मात्र १५ अंशाचा गोबो ३ मीटरवर जेमतेम ८० सेंटीमीटरचा दिसतो, ताटाएवढा म्हणाना, तिथे जास्त अंशाचीच लाईट हवी.

आणि एसी हॉलमधून लाईटी लॉनवर काढल्या की लगेच चालू करू नका. एसी लोकलमधून उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते ना, तसंच थंड भिंगावर पाणी जमतं, कधी आतसुद्धा. मी अर्धा तास छोटा हत्तीतच लाईटींच्या पेट्यांची झाकणं उघडून ठेवतो, तोवर स्पीकरच्या वायरी ओढून होतात.