पार्श्वभूमी : मोठे मड टायर आणि अ‍ॅक्सलच्या नावांचा घोळ

गाडीला ३५ इंची मड टायर बसवायचे ठरले की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘खाली डाना ४४ तरी हवा, जमलं तर वन टन.’ डाना ही अ‍ॅक्सल बनवणारी कंपनी, ४४ हे तिचं एक मॉडेल. अ‍ॅक्सल म्हणजे दोन चाकांमधला आडवा सांगाडा, आणि त्याच्या आतून चाक फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट. हा सल्ला अमेरिकेतल्या जीपवाल्यांकडून आला, आणि येताना अर्धवटच आला.

१९४१ च्या विलीज जीपला ६.००-१६ चे टायर होते, म्हणजे उंचीला सुमारे २८ इंच. त्या जागी ३५ इंची चाक आलं की शाफ्टला पिळणारी तरफ २५ टक्क्यांनी लांबते. चिखलात तर गोष्ट आणखी बिघडते. चाक मोकळं गरगरतं तोवर शाफ्टवर फारसा ताण नसतो. मग टायरवरच्या जाड गुट्ट्यांना (नक्षीच्या ठोकळ्यांना) खालचं एखादं मूळ किंवा कातळ सापडतो आणि ती सगळी गरगर एका क्षणात थांबते. थांबवणारा असतो शाफ्ट. असा तुटलेला शाफ्ट हातात घेतला तर स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टवर कोरलेल्या खाचांच्या, सरळ रेषा टोकाजवळ सुंभाच्या पिळासारख्या तिरप्या झालेल्या दिसतात.

आता बदनाम अ‍ॅक्सलची गोष्ट. १९७६ च्या सीजे मॉडेलांना, म्हणजे नागरी जीपना, मागे डाना ४४ ऐवजी तेव्हा जीप बनवणाऱ्या एएमसी कंपनीचा एएमसी २० देण्यात आला आणि तो जवळपास सीजेच्या शेवटापर्यंत, १९८६ पर्यंत, राहिला. ‘पैसे वाचवायला चांगला अ‍ॅक्सल काढून भुक्कड लावला’ हे वाक्य तेव्हापासून पाठ झालेलं आहे. पण मोजमाप वेगळं बोलतं. एएमसी २० चा क्राउन, म्हणजे शाफ्टला फिरवणारा मोठा गिअर, ८.८७५ इंचांचा, डाना ४४ चा ८.५ इंचांचा. म्हणजे बदनाम अ‍ॅक्सलचे गिअर मोठे होते. कमजोरी होती ती दोन्ही टोकांना. शाफ्ट आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) असे दोन तुकडे, निमुळत्या शाफ्टवर हब दाबून बसवलेला, मध्ये एक चावी, म्हणजे धातूची छोटी पट्टी, आणि वर नट. नट किंचित सैल पडला की हब शाफ्टवरच घसरू लागतो : चावी कापली जाते, शाफ्ट फिरतो आणि चाक जागच्या जागी. त्यात हाउसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, नळ्याही पातळ.

आणि ही रचना काही एएमसी २० चा शोध नव्हता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जीपमधल्या डाना ४४ लाही असाच निमुळता शाफ्ट आणि चावीचा हब होता. आपल्याकडे पुढे अनेक वर्षं बनत राहिलेल्या सीजे-३बीच्या मूळ आराखड्यात मागे हाच डाना ४४. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत, कारण तेव्हा त्याच्यावर ३५ इंची टायर कुणी चढवत नव्हतं.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकी लष्कराच्या हमवीमध्ये याच एएमसी २० घराण्यातलं डिफरन्शियल (क्राउन असलेला मधला गिअरसंच) आहे, तेही ३७ इंची टायरांना जुंपलेलं. ते टिकतं, कारण हमवीच्या प्रत्येक चाकात १.९२ पटीचे गिअर आहेत. डिफरन्शियलचं गुणोत्तर फक्त २.७३; उरलेला जोर चाकाजवळ तयार होतो, त्यामुळे मधल्या शाफ्टला तो सोसावा लागत नाही. बदनामी अख्ख्या अ‍ॅक्सलची झाली, दोष टोकांचा होता. एकसंध शाफ्ट घालून सीजेवाल्यांनी तो गॅरेजमध्ये दूर केला, पण शिक्का पुसला गेला नाही.

नावांचा घोळ इथेच संपत नाही. ‘वन टन’ म्हणजे अ‍ॅक्सलचं वजन नव्हे आणि त्याची क्षमताही नव्हे. अमेरिकी पिकअप किती माल वाहते याची ती जुनी ढोबळ वर्गवारी : अर्धा टन, पाऊण टन, एक टन. ट्रक भंगारात गेले, त्यांचे अ‍ॅक्सल जीपखाली आले आणि नाव चिकटून राहिलं. बरं, नावं ठेवण्याची पद्धतही एक नाही. ‘नाइन इंच’ हा क्राउनचा व्यास. ‘फोर्टीन बोल्ट’ ही मागच्या झाकणाच्या बोल्टांची संख्या. या नावाचा एक अ‍ॅक्सल साडेदहा इंची आहे, दुसरा साडेनऊ. आणि डानाचे ४४, ६० हे आकडे कशाचंच माप नाहीत.

माप घ्यायचं ते शाफ्टचं. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. डाना ४४ चा नेहमीचा शाफ्ट १.३१ इंची, दणकट डाना ६० चा १.५ इंची, फरक बोटाच्या पेराहून कमी, ताकद दीडपट. मात्र पाऊण टनी ट्रकांखालच्या कित्येक डाना ६० मध्येही १.३१ चाच शाफ्ट असतो. नाव ६० चं, शाफ्ट ४४ चा. शिवाय डाना ६० चा भोपळा, म्हणजे डिफरन्शियलचा मधला फुगवटा, मोठा. तो खाली लोंबतो आणि चिखलात नांगरासारखा रुततो.

गुणोत्तराचंही तसंच. चाक मोठं झालं की ओढ कमी होते, म्हणून २८ च्या जागी ३५ आले की ४.१० चं ५.१३ करावं लागतं. ४.१० म्हणजे ४१ दात्यांच्या क्राउनला फिरवणारा १० दात्यांचा छोटा गिअर, पिनियन, ५.१३ मध्ये पिनियनला दाते आठच. क्राउन तेवढाच, म्हणजे पिनियन बारीक. ओढ वाढवायला जावं तर गिअर नाजूक होतो.

२००३ पासून मोठ्या टायरांचं हे काम कारखान्यानेच हाती घेतलं. त्या वर्षीच्या जीप रुबिकॉनला पुढे-मागे डाना ४४, दोन्हींना लॉकर (दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारी सोय) आणि सुमारे ३१ इंची टायर. २०२१ मध्ये फोर्डच्या ब्राँकोला कारखान्यातूनच ३५ इंची टायर मिळू लागले, मग ३७ इंचीही. २०१८ च्या जीप रँग्लरपासून आतली नावं मिलिमीटरमध्ये आली : एम२१०, एम२२०, म्हणजे क्राउनचा व्यास. जाहिरातीत अजून ‘डाना ४४’च, कारण गिऱ्हाईक तेच विचारतं. हे जुनं ४४ नव्हे. सुटे भागही एकमेकांना लागत नाहीत.

गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात होणाऱ्या ऑफ-रोड स्पर्धेमुळे ही भाषा आपल्याकडेही रुळली. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करायचे तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, तो भाग निराळा.

२०२४ च्या रुबिकॉनला मागे फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सल मिळाला : गाडीचं वजन हाउसिंगवर, शाफ्टकडे फक्त फिरवण्याचं काम. नवी सोय म्हणून ती विकली गेली. १९४१ च्या विलीजचा मागचा अ‍ॅक्सलही फुल-फ्लोटिंगच होता.