जुने आर्केड आणि कन्सोल गेम संगणकावर : ‘फ्री’ या शब्दाची पार्श्वभूमी

जुने आर्केड (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरचे) किंवा कन्सोल (घरी टीव्हीला जोडायच्या यंत्रांवरचे) गेम संगणकावर ‘फ्री’ मिळतात असे म्हटले जाते, तेव्हा त्या एका शब्दाच्या गाठोड्यात तीन निरनिराळ्या वस्तू असतात. जुन्या यंत्राचे वागणे संगणकावर हुबेहूब उभे करणारा एम्युलेटर बहुधा खरोखरच फ्री असतो. यंत्राच्या चिपमधून उतरवून घेतलेला गेम, म्हणजे रॉम, बहुधा तसा नसतो. काही कन्सोलना चालू होण्यासाठी लागणारा आतला मूळ प्रोग्रॅम, म्हणजे बायॉस, ही तिसरी वस्तू असून तिचाही मालक असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. मराठीत या बाबतीत मोफत, फुकट आणि मुक्त असे तीन शब्द हाताशी आहेत. मोफत म्हणजे मालकाने राजीखुशीने मोबदला न घेता दिलेले. फुकट म्हणजे मालकाला न विचारता पदरात पडलेले. आणि मुक्त म्हणजे जे वापरण्याबरोबरच बदलण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही अधिकार मिळतो ते. पुढील मजकुरात हे शब्द याच अर्थांनी वापरले आहेत, कारण गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील बहुतेक वाद या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळेच उद्भवले.

रॉम ही प्रत्यक्षात काय वस्तू आहे, हे आधी पाहणे इष्ट ठरेल. १९८० सालच्या पॅक-मॅनच्या बोर्डावर झेड-८० हा प्रोसेसर असून गेमचा प्रोग्रॅम चार चिपमध्ये साठवलेला आहे आणि प्रत्येक चिपमध्ये ४,०९६ बाइट आहेत. संगणकावरील संचात या चार फाइलींच्या नावांना ६ई, ६एफ, ६एच आणि ६जे अशी शेपटे असतात. ही अक्षरे म्हणजे ती चिप बोर्डावर कोणत्या रांगेत आणि कोणत्या स्तंभात बसवली होती त्याचा पत्ता होय. चित्रांच्या दोन चिप ५ई आणि ५एफ या जागी असतात, तर रंगांसाठी ३२ आणि २५६ बाइटच्या दोन इवल्याशा चिप वेगळ्या असतात. सगळे मिळून जेमतेम २४ किलोबाइट भरतात. त्या काळच्या अनेक बोर्डांवरील चिपच्या पाठीवर काचेची एक लहान खिडकी असते आणि तिच्यावर कागदी पट्टी चिकटवलेली असते. ही पट्टी निघाली आणि अतिनील प्रकाश बराच काळ आत शिरत राहिला, तर साठवलेले बिट हळूहळू पुसले जातात. चिप रीडरमध्ये बसवून त्यातील मजकूर उतरवणे, म्हणजे ‘डंप’ घेणे, हे काम वेळेवर झाले नाही तर तो गेम कायमचा हातचा जाऊ शकतो. म्हणूनच एम्युलेटरच्या याद्यांमध्ये प्रत्येक चिपसमोर पडताळणीचा अंक दिलेला असतो आणि ज्या चिपचा विश्वासार्ह डंप मिळालेला नाही तिच्यापुढे तसा स्पष्ट शेरा मारलेला असतो.

हे काम जोमाने सुरू झाले ते १९९६-९७ च्या सुमारास. झेड-८० सारख्या जुन्या प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा सॉफ्टवेअरने वाचून, तिचा अर्थ लावून ती गेमच्या मूळ वेगाने पार पाडण्याइतकी ताकद तोवर घरगुती संगणकांत आली होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये मेम या आर्केड एम्युलेटरची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात पॅक-मॅनच्या आणि त्याच जातीच्या बोर्डांपासून झाली होती. त्याच वर्षी आठ-बिटी कन्सोलसाठी नेसटिकल आणि सोळा-बिटी कन्सोलसाठी झेडस्नेस हे एम्युलेटर आले आणि संगणकावर जुने गेम खेळणे ही सर्वसामान्य खेळाडूच्या आवाक्यातली गोष्ट झाली. मेमच्या कर्त्यांनी आपला हेतू जुन्या यंत्रांची रचना नोंदवून ठेवण्याचा असल्याचे सांगितले आणि गेम खेळता येतात हा त्या नोंदीचा सुखद उपपरिणाम मानला. ही भूमिका पळवाट म्हणून घेतलेली आहे असे पुष्कळांना वाटत आले आहे. प्रस्तुत लेखकाला मात्र ती प्रामाणिक वाटते, कारण कोणालाही खेळावेसे वाटणार नाहीत अशा शेकडो यंत्रांवर त्या प्रकल्पात तितक्याच निष्ठेने काम झालेले आहे.

नोंद ठेवण्याचे हे काम किती निकडीचे होते, याचा सर्वांत बोलका दाखला १९९३ पासून एका जपानी कंपनीने वापरलेल्या सीपीएस-२ या बोर्डाने दिला. या बोर्डावरील प्रोग्रॅम कूटबद्ध होता आणि तो उलगडण्याची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत ठेवलेली होती. बॅटरी संपली की किल्ली नाहीशी होई, पडद्यावर कोरा रंग तेवढा उरे आणि पैसे मोजून विकत घेतलेले धडधाकट यंत्र निकामी होई. २००१ मध्ये या कुलूपबंदीला पहिला तडा गेला आणि २००७ मध्ये मूळ कूटपद्धतीच उकलण्यात आली. आज या बोर्डांवरील गेम संगणकावर चालतात आणि मेलेले बोर्डही पुन्हा जिवंत करता येतात, याचे श्रेय विनामोबदला काम करणाऱ्या हौशी अभ्यासकांकडे जाते.

एम्युलेटर कायदेशीर आहे की नाही, हा प्रश्न अमेरिकेत २००० साली बराचसा निकाली निघाला. १९९९ मध्ये एका कंपनीने प्लेस्टेशनचे गेम संगणकावर चालवणारे सॉफ्टवेअर विक्रीस आणले होते. ते तयार करताना मूळ बायॉसची प्रत काढून तिचा अभ्यास करण्यात आला होता, पण विकलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ बायॉसचा मजकूर नव्हता. अपील न्यायालयाने अभ्यासासाठी काढलेली ती प्रत न्याय्य वापरात, म्हणजे मालकाच्या परवानगीशिवायही कायद्याला मान्य असलेल्या वापरात, मोडते असा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने ते सॉफ्टवेअर विकत घेऊन त्याची विक्री थांबवली, हा भाग सहसा सांगितला जात नाही. न्यायालयात बाजू टिकली, पण वस्तू बाजारातून नाहीशी झाली. त्या निर्णयाने एम्युलेटरचा मार्ग मोकळा केला. रॉम आणि बायॉस यांचा मालकीहक्क जिथल्या तिथेच राहिला.

यानंतरचा गुंता मात्र एम्युलेटर ‘फ्री’ असण्याच्या अर्थाचा आहे आणि त्याकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. मेमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिखित मजकूर, सुरुवातीपासून सर्वांना वाचता येत होता, डाउनलोड करण्यास पैसे पडत नव्हते, बदल करण्यासही वाव होता; पण परवान्यात त्याच्या व्यापारी वापराला मनाई होती. म्हणजे मेम मोफत होता, मुक्त नव्हता. या अटीमागची भावना समजण्यासारखी आहे. हजारो रॉम भरलेली हार्ड डिस्क लाकडी कॅबिनेटमध्ये बसवून विकणारे विक्रेते तेव्हाही होते आणि आपल्या रिकाम्या वेळातील श्रमांवर त्यांनी पैसे कमवावेत हे लिहिणाऱ्यांना मान्य नव्हते. परंतु ज्यांच्यासाठी ही अट घातली ते विक्रेते तिला कधीच जुमानत नव्हते, कारण मालकाला न विचारता रॉम विकणारा माणूस एम्युलेटरचा परवाना वाचत बसत नाही. अट बांधून ठेवत होती ती नियमाने चालणाऱ्यांना : तिकीट लावून जुनी यंत्रे दाखवू इच्छिणाऱ्या संग्रहालयांना, आपलेच जुने गेम पुन्हा विक्रीस आणू पाहणाऱ्या मूळ हक्कधारकांना आणि मेमला ‘मुक्त नसलेल्या’ वर्गात ठेवणे भाग पडलेल्या, लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या वितरणांना (म्हणजे सॉफ्टवेअरसह बांधून दिल्या जाणाऱ्या तिच्या संचांना).

२०१५ मध्ये परवाना बदलण्याचे ठरले, तेव्हा अशा निर्णयाला किती कष्ट पडतात हे दिसून आले. अनेक वर्षांत अनेकांनी लिहिलेल्या कोडचा हक्क ज्याच्या त्याच्याकडे असतो, त्यामुळे जुन्या सहभागी व्यक्तींना शोधून काढून प्रत्येकाची संमती घेणे क्रमप्राप्त होते. हे काम सुमारे दहा महिने चालले. मार्च २०१६ मध्ये संपूर्ण मेम जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला आणि त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक कोड त्याहून सैल अशा बीएसडी परवान्याखाली खुला झाला. मेम हे नाव मात्र नोंदणीकृत व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवण्यात आले. या निर्णयावर टीका झाली ती प्रामुख्याने कॅबिनेट विक्रेत्यांना मोकळे रान मिळेल या भीतीपोटी. ती टीका या लेखकाला पटत नाही, कारण त्या व्यवहारातील बेकायदेशीर भाग रॉमचा आहे आणि तो एम्युलेटरचा परवाना बदलल्याने कायदेशीर झालेला नाही.

निर्णयाने गुंता पूर्णपणे सुटला असेही नाही. परवान्यातील बदल मागील आवृत्त्यांना लागू होत नाही. कमी ताकदीच्या लहान संगणकांवर आजही २००३ सालची ०.७८ ही आवृत्ती मोठ्या प्रमाणात वापरली जाते, कारण नव्या आवृत्त्या अचूकतेपायी यंत्राकडून अधिक मागतात; आणि त्या जुन्या आवृत्तीवर व्यापारी वापराची मनाई अद्याप कायम आहे. सोळा-बिटी कन्सोलचा लोकप्रिय एम्युलेटर स्नेस९एक्स याच्या परवान्यातही तशीच अट आहे. २०१९ मध्ये हा प्रश्न पुन्हा पेटला. फायनलबर्न अल्फा या आर्केड एम्युलेटरच्या प्रमुखाने, परवान्यात व्यापारी वापराला मनाई असताना, विक्रीस येणाऱ्या एका घरगुती आर्केड यंत्रासाठी त्याच्या वापराची परवानगी दिली. सोबत काम करणारे विकासक हे मान्य न करता बाहेर पडले आणि त्यांनी एफबीनिओ या नावाने प्रकल्प वेगळा पुढे नेला. अनेकांच्या श्रमांवर एकट्याची सही चालत नाही, हा त्यांचा आक्षेप रास्त होता.

रॉमच्या बाजूला ‘अबॅन्डनवेअर’, म्हणजे बेवारस सॉफ्टवेअर, या शब्दाने असाच गोंधळ माजवला. कंपनी बंद पडली, विक्री थांबली, तेव्हा गेम बेवारस झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. कायद्याला असा वर्ग ठाऊक नाही. अमेरिकी कायद्यानुसार कंपनीच्या मालकीच्या कृतीचा प्रताधिकार (कॉपीराइट) प्रकाशनापासून ९५ वर्षे चालतो, म्हणजे पॅक-मॅन २०७६ पूर्वी सार्वजनिक होणार नाही, आणि बंद पडलेल्या कंपनीचे हक्क बहुधा कोणाच्या ना कोणाच्या हाती गेलेले असतात. तरीही वारसाने आपण होऊन मोफत दिलेले गेम आहेत, आणि त्यांची दखल फार थोडे लोक घेतात. १९८२ च्या व्हेक्ट्रेक्स या कन्सोलच्या हक्कधारकाने १९९० च्या दशकात त्याच्या गेमच्या प्रती विनाव्यापार वाटण्यास मुभा दिली. १९९९ मध्ये स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचा रॉम (इथे गेम नव्हे, तर यंत्राचाच मूळ प्रोग्रॅम) एम्युलेटरसोबत देण्यास त्याच्या मालक कंपनीने संमती दिली. मेमच्या अधिकृत पानावर रॉबी रोटो, ग्रिडली, टार्ग, सर्कस असे काही आर्केड गेम हक्कधारकांच्या परवानगीने ठेवलेले आहेत. पूर्व जर्मनीत १९८० च्या दशकात बनलेल्या पॉली-प्ले या यंत्राचे रॉमही तेथेच मिळतात; ज्या देशाने ते यंत्र घडवले तो देश आज नकाशावर नाही, पण यंत्रातला ससा आणि लांडगा अजूनही पडद्यावर एकमेकांच्या मागे धावतात.

२०१४ मध्ये एका डिजिटल ग्रंथालयाने नऊशेहून अधिक आर्केड गेम थेट ब्राउझरमध्ये खेळण्यासाठी खुले केले आणि डाउनलोडचीही गरज उरली नाही. २०१८ मध्ये वाऱ्याची दिशा पालटली. एका मोठ्या जपानी कंपनीने रॉम वाटणाऱ्या दोन संकेतस्थळांवर दावा लावला, त्यात सुमारे १ कोटी २२ लाख डॉलरचा हुकूम झाला, आणि त्याच सुमारास १८ वर्षे चाललेल्या एका तिसऱ्या संकेतस्थळाने रॉम देणे स्वतःहून बंद केले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज कोणत्याही कायदेशीर मार्गाने विकत मिळत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रंथालयांनी असे गेम संशोधकांना दूरस्थपणे पाहू द्यावेत ही मागणी अमेरिकेतील प्रताधिकार यंत्रणेने फेटाळली. त्यामुळे ग्रंथालयाने जपलेली प्रत उघडून पाहायची असेल, तर संशोधकाने आजही प्रवास करून त्या इमारतीत जाऊन बसले पाहिजे.