वाइनच्या ग्लासचं काम नाकाशी

काचसामानाच्या दुकानात फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाइनचा ग्लास वेगळा, तिथल्याच बर्गंडीचा वेगळा, पांढऱ्या वाइनचा तिसराच असतो. सोबत एक स्पष्टीकरणही मिळतं : अमुक आकाराचा ग्लास वाइन जिभेच्या टोकावर सोडतो, तिथे गोडी कळते, तमुक आकाराचा कडेला सोडतो, तिथे आंबटपणा कळतो. जिभेचा हा नकाशा चुकीचा आहे. १९०१ साली हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या भागांमधले संवेदनेचे अगदी किरकोळ फरक नोंदवले होते. १९४२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांच्या पुस्तकात त्याचा आलेख असा काही छापला गेला की फरक प्रचंड वाटावेत, आणि पुढे तो शाळेच्या पुस्तकांतही शिरला. खरं तर जिथे जिथे स्वादकलिका आहेत तिथे सगळ्याच चवी कळतात. शिवाय घोट घेतल्यावर वाइन क्षणात तोंडभर पसरते. ग्लासने ती कुठे सोडली याला फारसा अर्थ उरत नाही.

तरीही ग्लास बदलला की वाइन बदलल्यासारखी वाटते, हे खरं आहे. कारण नाकात आहे. आंबट, गोड, कडू आणि तुरटपणा सोडला, तर वाइनमध्ये आपण ज्याला चव म्हणतो तो बहुतांश वासच असतो. शिराझ या लाल वाइनमधला मिरीचा तिखटपणा रोटंडोन नावाच्या रेणूचा, सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनमधला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास पायराझिन गटातल्या संयुगांचा. हे रेणू वाइनच्या पृष्ठभागावरून उडून हवेत येतात आणि श्वासातून नाकात, किंवा घोट घेतल्यावर घशामागच्या वाटेने नाकात जातात. त्यांच्याबरोबर अल्कोहोलची वाफही उडते. ती जास्त झाली की नाक चुरचुरतं आणि नाजूक वास झाकले जातात.

ही वाफ ग्लासच्या तोंडाशी कशी पसरते, हे टोकियोतल्या कोजी मित्सुबायाशी यांच्या गटाने २०१५ साली कॅमेऱ्यात पकडलं. अल्कोहोलवर क्रिया करणारं विकर (एन्झाइम) लावलेली जाळी त्यांनी ग्लासच्या तोंडावर ठेवली. जिथे वाफ जास्त, तिथे जाळी जास्त उजळत होती. १३ अंशांवर, पोट रुंद आणि तोंड आवळलेलं अशा वाइनच्या ग्लासात काठालगत उजळ कडं दिसलं आणि मध्यभागी अल्कोहोल कमी. नाक नेमकं तिथेच असतं. सरळ ग्लासात आणि पसरट मार्टिनी ग्लासात असं कडं तयार झालं नाही. वाइन गरम असताना वाइनच्या ग्लासातही ते दिसेना.

प्रयोगातली ही शेवटची गोष्ट आपल्याकडे जास्त महत्त्वाची. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा नियम युरोपातल्या थंड घरांचा. नाशिक किंवा पुण्यातल्या एप्रिलच्या संध्याकाळी खोली सहज तिशीच्या पुढे असते, आणि त्या तापमानाला दहा हजारांचा ग्लासही अल्कोहोलचा भपकाराच देईल. लाल वाइन १६ ते १८ अंश, पांढरी ८ ते १२, फेसाळ वाइन ६ ते १० ठेवावी. बर्फ आणि पाणी निम्मंनिम्मं घातलेल्या बादलीत लाल वाइनची बाटली १० ते १५ मिनिटांत या तापमानाला उतरते. फ्रीजमध्ये त्यालाच दीड-दोन तास लागतात. ग्लास दांडीला धरायचा तो यासाठीच. तळहात ३० अंशांच्या वर असतो आणि काच पातळ असते.

निवडताना मग काय पाहायचं? वाइन चाखण्यासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा प्रमाणित ग्लास आहे : पोटाचा व्यास ६५ मिलिमीटर, तोंडाचा ४६, उंची १५५, मावतं सुमारे २१५ मिलिलिटर आणि ओतायचं फक्त ५०. म्हणजे तोंड पोटाच्या साधारण ७० टक्के. घरी पिण्यासाठी तो छोटा पडतो, पण प्रमाण लक्षात ठेवण्याजोगं आहे. दुकानात मोजपट्टी काढायला लाजू नये. ३५० ते ४५० मिलिलिटरचा, आत वळलेल्या काठाचा, बिनरंगी, बिननक्षीचा एकच प्रकार घ्यावा. तो नाशिकच्या शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनलाही चालतो आणि शिराझलाही. त्यात १०० ते १२० मिलिलिटर ओतावी, पोटाच्या सर्वांत रुंद रेषेच्या वर जाऊ नये. काठोकाठ भरला तर वास साठायला जागा राहत नाही आणि ग्लास फिरवताना शर्टावर सांडते. काठावरून बोट फिरवून पाहा : स्वस्त ग्लासांना गोल जाड कडा असते, तिच्यावरून वाइन ओबडधोबड येते, कापून घासलेला काठ पातळ लागतो.

ऑस्ट्रियाच्या रिडेल कंपनीचे क्लाउस रिडेल यांनी १९७३ मध्ये वेगवेगळ्या वाइनसाठी वेगवेगळ्या ग्लासांची मालिका आणली. साध्या, पातळ, मोठ्या पोटाच्या ग्लासांचं श्रेय त्यांचं आहेच. पण प्रत्येक द्राक्षाला स्वतंत्र ग्लास हवा हे माझ्या मते विक्रीचं गणित आहे.

फेसाळ वाइनच्या उंच, अरुंद फ्लूटबद्दलही तेच. त्यात बुडबुड्यांची रांग सुरेख दिसते, पण वास घ्यायला गेलं की अरुंद तोंडाशी साठलेला कार्बन डायऑक्साइड नाकाला झोंबतो. पसरट कूपमधून वायू लवकर निसटतो. फेसाळ वाइनसाठी पांढऱ्या वाइनचा ग्लासच उत्तम. बुडबुडे काचेतून आपोआप उठत नाहीत. फडक्याचे सूक्ष्म तंतू किंवा काचेवरचे ओरखडे यांच्यात अडकलेल्या हवेभोवती ते फुगतात. म्हणून काही ग्लासांच्या तळाला मुद्दाम लेझरने खरवडलेला ठिपका असतो. साबणाचा अंश राहिला तर फेस पटकन बसतो, आणि दोष मात्र वाइनला मिळतो.

जुन्या जड क्रिस्टलमध्ये २४ टक्के किंवा त्याहून जास्त लेड ऑक्साइड असतं. तासाभराच्या पिण्यात थोडंच शिसं उतरतं, पण त्याच्या सुरईत वाइन आठवडाभर ठेवू नये. आजचे बहुतेक चांगले ग्लास शिशाविना बनतात.

धुण्यातच बहुतेक ग्लास जातात. पिऊन झालं की लगेच पाण्याने विसळून उभे ठेवावेत, सकाळी धुवावेत. रात्री हात सैल असतात. भांड्यांच्या ढिगात टाकू नयेत. सिंकच्या तळाशी जुना टॉवेल अंथरावा. कोमट पाणी, मऊ स्पंज, बिनवासाच्या लिक्विडचा एखादा थेंब. रोजची तेलकट घासणी वापरू नये. काठावरची लिपस्टिक आधी कागदाने पुसावी, तिचा मेणचट थर नुसत्या पाण्याने निघत नाही. नंतर तीन-चार वेळा खळखळून विसळावं.

पुसताना ग्लास मोडतो तो एकाच कारणाने : एका हाताने तळ धरून दुसऱ्याने पोट पिळलं जातं आणि सगळा ताण दांडीवर येतो. पोट पुसताना पोटच धरावं, तळ पुसताना तळ. फडकं सुती किंवा मायक्रोफायबरचं, पण फॅब्रिक कंडिशनरमध्ये कधीही न बुडवलेलं, नाहीतर काचेवर सुगंधी चिकट थर बसतो.

बोअरच्या पाण्याने धुतलेल्या ग्लासांवर पांढुरका थर येतो. पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी समप्रमाणात घेऊन दहा मिनिटं बुडवावं. थर गेला तर ते क्षार होते. नाही गेला तर डिशवॉशरच्या उष्ण, अल्कधर्मी पाण्याने काचच झिजलेली असते, आणि त्यावर इलाज नाही.

कपाटात ग्लास उभेच ठेवावेत. पालथे घातले की सर्वांत नाजूक भाग असलेल्या काठावर भार येतो आणि फळीचा, प्लायवूडचा किंवा डांबराच्या गोळ्यांचा वास आत कोंडतो. वाइन ओतण्यापूर्वी रिकामा ग्लास हुंगावा. वास आलाच तर १५ मिलिलिटर वाइन पहिल्या ग्लासात फिरवावी, तीच दुसऱ्यात, मग तिसऱ्यात ओतत जावी आणि शेवटी सिंकमध्ये टाकावी.