प्राण्याचा अवयव स्वीकारण्याविषयी रुग्णांची मनोभूमिका (कोल्हापूर)

माणसाच्या शरीरात प्राण्याचा जिवंत अवयव बसवण्याच्या शस्त्रक्रियेला झेनोट्रान्सप्लांट म्हणतात. सध्या त्यासाठी मुख्यतः जनुके बदललेल्या डुकराची किडनी किंवा हृदय घेतात. भारतात हा रूढ उपचार नाही. त्यामुळे कोल्हापुरातल्या डायलिसिसच्या रुग्णाला ‘घ्याल का?’ असे विचारले, तर तो कल्पनेवरच उत्तर देतो, आणि ते उत्तर प्रश्न कसा मांडला यावर फार हलते.

हृदयाच्या झडपेचा प्रश्न मात्र आजचा आहे. जैविक झडप डुकराच्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयावरणापासून बनते. ग्लुटारल्डिहाइड या रसायनाच्या प्रक्रियेमुळे तिच्यात जिवंत पेशी राहत नाहीत, म्हणून ती झेनोट्रान्सप्लांटमध्ये धरत नाहीत. ती साधारण १० ते १५ वर्षे टिकते. धातूची झडप अधिक टिकते, पण रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी आयएनआर तपासणी वरचेवर करावी लागते. चंदगड-आजऱ्याच्या वाडीवस्तीवरून तपासणीला येणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. झडप कोणत्या प्राण्याची, हे शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवे. मुस्लीम रुग्णाची अडचण डुकराची असू शकते, हिंदू रुग्णाची गाईची. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या जैन कुटुंबाला दोन्हीतली हिंसा खुपू शकते. गळ्यात तुळशीची माळ असलेला माळकरी विचारतो, ‘हे खाल्ल्यासारखंच न्हवं का?’ हा अडाणीपणा नव्हे. ज्याला हा प्रश्न पडतो त्याने विषय नीट समजून घेतलेला असतो. इस्लाम व यहुदी धर्माचे अनेक अभ्यासक जीव वाचवण्यासाठी डुकराचा भाग वापरण्यास मुभा देतात, पण निर्णय रुग्णाचाच.

अनेक देशांतल्या पाहण्यांत एक गोष्ट पुन्हा दिसते : ‘माणसाच्या अवयवाइतकाच चालेल’ असे सांगितले की होकार वाढतो, धोका जास्त सांगितला की घटतो. म्हणून आकडे उघड सांगावेत. २०२२ साली अमेरिकेत डुकराचे हृदय बसवलेला पहिला रुग्ण सुमारे दोन महिने जगला. त्या हृदयात नंतर डुकराचा सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू सापडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथेच बसवलेली डुकराची एक किडनी १३० दिवसांनी, तर जानेवारी २०२५ मधली २७१ दिवसांनी काढावी लागली. १९९७ साली आसाममध्ये डुकराचे हृदय व फुप्फुसे बसवलेला रुग्ण आठवडाभरात दगावला आणि शल्यचिकित्सकाला अटक झाली.

संमती घेताना सर्वांत जास्त विसरली जाते ती नंतरची बांधिलकी. प्राण्याचे विषाणू माणसांत पसरू नयेत म्हणून झेनोट्रान्सप्लांट झालेल्या रुग्णाची आयुष्यभर तपासणी चालते, त्याला रक्तदान करता येत नाही, जोडीदारालाही काही नियम लागू होतात. ‘मला नको झालं’ म्हणून यातून सहज बाहेर पडता येत नाही.

कल जाणून घ्यायचा तर डायलिसिसच्या खुर्चीवर विचारू नये. आठवड्यातून तीनदा चार-चार तास सुया टोचलेला, घोटभर पाणीही मोजून पिणारा माणूस सुटकेसाठी कशालाही हो म्हणतो. वेगळा दिवस ठेवावा आणि दोन बैठका घ्याव्यात. पहिलीत फक्त माहिती द्यावी, ‘डुक्कर’ हा शब्द न टाळता. ‘वराह’ म्हणून तो सौम्य केला तर पुढे फसवल्याची भावना येते. गल्लीतले डुक्कर डोळ्यांपुढे येते, म्हणून हे प्राणी बंदिस्त, रोगमुक्त जागेत वाढवलेले असतात हेही सांगावे. दुसऱ्या बैठकीत रुग्णाने ऐकलेले त्याच्याच शब्दांत सांगावे. चुकले तिथे पुन्हा समजवावे, मगच मत नोंदवावे.

या बैठकीत थोडा वेळ नातेवाइकांना बाहेर बसवावे. आपल्याकडे किडनी बहुधा जिवंत नातेवाईकच देतो, त्यातही आई किंवा बायको. ‘हिचं पोट फाडण्यापेक्षा डुकराची बरी’ हे वाक्य तिच्यासमोर निघत नाही, आणि ‘मला दोन्ही नकोत’ हे तर मुळीच नाही. नकार दिला म्हणून मानवी अवयवाच्या प्रतीक्षायादीतले नाव जाणार नाही, हे विचारण्याआधीच सांगावे.