सगळे डोस झालेत, मग परत पोलिओ कशाला?

पोलिओच्या रविवारी म्हापशाच्या बसस्टँडवर बूथ लागला की कोणतरी आई हे विचारतेच, 'कार्ड बघा बाय, सगळे डोस वेळेवर झालेत, मग परत कशाला?' विचारलं ते बरोबरच आहे, आणि उत्तर आहे बाळाच्या आतड्यात.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शिरतो, आतड्यात वाढतो, शौचावाटे बाहेर पडतो आणि घाण पाण्यातून, हातांवरून पुढच्या पोराकडे जातो. बहुतेकांना काही कळतसुद्धा नाही. साधारण 200 जणांत एखाद्याच्या मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मरतात आणि पाय कायमचा लुळा पडतो. म्हणजे एक पोर लंगडायला लागलं तोवर विषाणू गावभर फिरून झालेला असतो, मला तर या रोगातलं सगळ्यात भयंकर हेच वाटतं.

या रोगावर पहिली लस आणली अमेरिकन शास्त्रज्ञ जोनास साल्कने, त्याने विषाणू फॉर्मल्डिहाइड या रसायनाने मारून इंजेक्शन बनवलं, 1954 मध्ये 18 लाख मुलांना घेऊन चाचणी झाली आणि 12 एप्रिल 1955 ला लस चालते असं जाहीर झालं. लोकांना केवढा धीर आला असेल! पण त्याच महिन्यात ही लस बनवणाऱ्या कटर कंपनीच्या काही बॅचमध्ये जिवंत विषाणू राहून गेल्याचं उघड झालं, सुमारे 200 जण लुळे पडले, 10 दगावले. लसींच्या तपासणीचे नियम त्यानंतर कडक झाले.

साल्कच्या इंजेक्शनने रक्तात प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारी प्रथिनं) तयार होतात, पाय वाचतो, पण आतड्यात विषाणू वाढायचा फारसा थांबत नाही. दुसरा अमेरिकन शास्त्रज्ञ अल्बर्ट सेबिनने म्हणून जिवंतच पण दुबळा केलेला विषाणू थेंबांतून दिला, तो आतड्यातच जाऊन तिथली वाट अडवतो. अमेरिकेत साल्कची लस आधीच सुरू होती, त्यामुळे सेबिनच्या लसीची मोठी चाचणी 1959 मध्ये सोव्हिएत संघात झाली, तेसुद्धा शीतयुद्ध चालू असताना.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे जुलाब आणि पोटातले इतर विषाणू इतके की दोन थेंब दर वेळी लागू पडतातच असं नाही, उत्तर प्रदेश-बिहारात कितीतरी डोस घेतलेल्या मुलांनाही पोलिओ झाला होता. म्हणून 1995 पासून एकाच वेळी सगळ्या पोरांना, पुन्हा पुन्हा. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला, 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

लस कमी घेतलेल्या वस्तीत मात्र थेंबांतला दुबळा विषाणू फिरत फिरत परत जोर धरू शकतो, दुर्मीळ असलं तरी हे खरं आहे, त्यासाठीच आता बाळाच्या दंडावर साल्कच्या पद्धतीचं इंजेक्शनसुद्धा देतात.

बूथवर गेलात तर कुपीवरचं चिन्ह जरूर बघा, जांभळ्या वर्तुळात फिकट चौकोन असतो, लस जास्त तापली की चौकोन गडद होत जातो आणि वर्तुळाच्या रंगाला पोचला की ती कुपी फेकायची. आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात याचं मोल मोठं आहे. आणि बूथ बसस्टँडवर, रेल्वे स्टेशनवर का लावतात तर गोव्यात कामाला, फिरायला सतत माणसं येत असतात, आणि पाकिस्तान-अफगाणिस्तानात हा विषाणू अजून जिवंत आहे.