घाट उतरल्यावर सगळेच घाटी

म्हापशाच्या बसस्टँडवर बेळगावची शेवटची गाडी हुकली आणि रात्र तिथंच काढायची पाळी आली. मेचा पहिला आठवडा. जवळच्या दोन लॉजवाल्यांनी सीझनचा भाव सांगितला, तो ऐकून मुकाट बाकावर येऊन बसलो. समोर फरशीवर एक कुटुंब झोपायच्या तयारीत होतं. बाईनं दोन पोरं भिंतीकडं सरकवली, चौघांच्या चपला पिशवीत घातल्या आणि पिशवी उशाला घेतली. नवऱ्याच्या पायाशी एक गोणी होती, तिच्या तोंडातून थापीचा दांडा आणि ओळंब्याची दोरी डोकावत होती. ती दोरी बाईनं त्याच्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळून दोन गाठी मारल्या. कुणी गोणी ओढलीच तर जाग यावी म्हणून.

"याव ऊरु?" कुठलं गाव, असं मी कानडीत विचारलं.

"रामदुर्ग री."

मी बेळगावचा म्हटल्यावर गडी मराठीवर आला. सांगलीकडं ऊसतोडीला जाऊन शिकलेली मराठी. कुठं राहता, असं मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "घर हाय की साहेब गावाकडं. तीन खणाचं. हितं नाही, एवढंच."

मोजणीच्या हिशेबात हा माणूस बेघर. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री देशभर उघड्यावर झोपणारे मोजले गेले: रस्त्याकडेला, पुलाखाली, देवळाच्या मंडपात, फलाटावर, सिमेंटच्या पाइपात. आकडा आला 17.7 लाख, त्यातले 9 लाखांहून अधिक शहरांतले. घर दुसरीकडं कुठं आहे का, हा प्रश्न या मोजणीत बसत नाही. आणि गोव्याच्या बाबतीत तर सगळी गोष्ट त्या दुसरीकडच्या घरापासूनच सुरू होते.

बेळगावकरांना गोवा म्हणजे अंगण. शनिवारी सकाळी जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, साधारण सव्वाशे किलोमीटर, दुपारी माशाचं ताट, संध्याकाळी कळंगुट आणि रविवारी रात्री घरी. परतताना गाडीत कुणीतरी म्हणतंच, "काय ते भिकारी आणि विकणाऱ्या बायका किनाऱ्यावर, कुठनं येतात कोण जाणे." कोण जाणे कशाला, आपणच जाणतो. सौंदत्ती, रामदुर्ग, अथणी, आणि जिल्ह्याबाहेर पडलं तर बागलकोट, विजयपूर, गदग, कोप्पळ.

या वाटेवर एक गंमत आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, रस्त्यालगतच. तिथं पाऊस हजारो मिलिमीटरनी पडतो. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर, पण नदी पाठ फिरवून पूर्वेला निघते. खानापूर ओलांडते, सौंदत्तीजवळ नवीलुतीर्थाच्या धरणात अडते आणि पुढं रामदुर्गाकडं जाते, जिथं वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. तिच्या खालच्या काठावरची माणसं उलट्या दिशेनं निघतात आणि तिच्या उगमावरून गोव्यात उतरतात. पाणी पुरलं नाही म्हणून निघतात, तसंच ते एकदम आलं म्हणूनही. 2009 च्या ऑक्टोबरात आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये याच मलप्रभेनं रामदुर्ग तालुक्यात घरं पाडली. 2019 ला पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख जाहीर झाले, ते बांधकामाच्या टप्प्याटप्प्यानं मिळायचे. पाया काढायला आधी हातात पैसे हवेत, आणि ते मिळवायला गोवा. दुसऱ्यांची घरं बांधून स्वतःच्या घराचा पाया काढायचा, असा हा व्यवहार.

ही वाट नवी नाही आणि तिच्यावरची वर्दळ नेहमी एकाच दिशेनंही नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पोटासाठी घाट ओलांडायचे ते गोवेकर, आणि तेही चढून वर यायचे. बेळगाव 1818 ला इंग्रजांकडं गेलं, कॅम्प वसला आणि गोव्याची ख्रिस्ती मंडळी खानसामे, बेकरीवाले, बँडवाले, शिंपी, शिक्षक म्हणून इथं आली. आजही कॅम्पातल्या जुन्या घरांच्या दारांवर त्यांची आडनावं दिसतात. त्याहून जास्त मुंबईला गेले आणि तिथं त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली: कूड. धोबी तलाव, डाबूल या भागांत गावागावानं खोल्या घेतल्या. गावचा माणूस आला की नाममात्र पैशात पथारी टाकायला जागा, ट्रंक ठेवायला कोपरा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. बोटीवर नोकरी लागेपर्यंत माणूस तिथं राहायचा, आणि नोकरी सुटली की परत तिथंच यायचा. परक्या शहरात फुटपाथ आणि माणूस यांच्यामध्ये गाव उभं राहायचं. आमच्याकडून गोव्यात गेलेल्यांना अशी कूड उभी करता आली नाही. गोवेकर गावच्या कोमुनिदादीची सवय घेऊन गेला होता, म्हणजे जमीन गावकीची आणि हिशेबही सामाईक. आमचा माणूस मुकादमाची उचल घेऊन गेला. उचल ही एकेकट्याच्या डोक्यावर असते.

किनाऱ्यावर आरशांचे कपडे आणि मण्यांच्या माळा विकणाऱ्या लमाण बायकांचा इतिहास तर आणखी मागं जातो. रेल्वेच्या आधी या घाटांतून माल नेणारे लमाणच. बैलांच्या पाठीवर गोणी लादून तांडे चालायचे, वरून धान्य खाली, खालून मीठ वर. 1878 ला इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि 1888 पर्यंत मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत रूळ आले, पुढं लोंढ्याला जोडले गेले. मीठ वाघिणीत बसून वर जाऊ लागलं आणि बैलांचं काम संपलं. त्यात इंग्रजांनी 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणलेला. पुढं तो मुंबई इलाख्यात लागू झाला आणि भटकणारा तो संशयित ठरला. हुबळी, विजयपूर, सोलापूर इथं तारांच्या कुंपणाआड वसाहती झाल्या, हजेरी सुरू झाली. कायदा 1952 ला गेला, पण पोलिसाला लमाणाचं बोचकं उघडून बघावंसं वाटतं ते वाटतंच. आता त्याला 2001 च्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्याचं निमित्त आहे: किनाऱ्यावर परवान्याविना विक्री म्हणजे उपद्रव. एका आज्जीनं मला माळ दाखवता दाखवता अर्ध्यावर थांबून सगळा माल पदराखाली घेतला, वाळूत फतकल मारून बसली आणि समुद्राकडं बघायला लागली. शिट्टी मला ऐकूही आली नव्हती.

पोर्तुगीज काळाच्या शेवटी ही वाट काही वर्षं बंदच होती. 1955 च्या सत्याग्रहानंतर भारतानं नाकेबंदी केली, गाड्या थांबल्या. 1961 च्या डिसेंबरात लष्कर बेळगावकडून खाली उतरलं आणि 19 तारखेला गोवा मुक्त झाला. पाठोपाठ मजूर उतरले. गोवेकर तरुण मुंबईला, बोटीवर, पुढं आखातात जात होता. इकडं लोखंडाच्या खाणी, मुरगावची गोदी, नवे रस्ते, कचेऱ्या, शाळा यांना हात हवे होते. मुक्तीच्या वेळी गोव्याची वस्ती सहा लाखांच्या आत होती, 2011 ला ती साडेचौदा लाखांवर गेली.

मग पर्यटन आलं. साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी झावळ्यांच्या खोपटांत राहायचे. आज जे आमच्या माणसांनी केलं तर अतिक्रमण ठरतं तेच, पण त्यांचं ते कौतुकाचं झालं. 1983 ला राष्ट्रकुलातल्या देशांचे प्रमुख आग्वादला विश्रांतीला आले आणि गोव्याचं नाव जगाच्या नकाशावर चढलं. त्याच दशकात युरोपातून थेट चार्टर विमानं सुरू झाली. नव्वदच्या दशकात कोकण रेल्वे झाली. 2019 पर्यंत वर्षाला येणारे पर्यटक 80 लाखांच्या घरात पोचले. हॉटेलाचा पाया खणणारा, स्लॅबचं सेंट्रिंग बांधणारा, मागच्या दाराला भांडी घासणारा वरूनच आलेला. आमच्या खानापूर तालुक्यातली मराठी पोरं वेटर, ड्रायव्हर, गवंडी म्हणून गेली. ती दर पंधरवड्याला घरी येऊ शकतात, म्हणून निदान खोली करून राहतात. लांबचा मजूर बांधकामावरच, ताडपत्रीखाली. इमारतीला खिडक्या बसल्या की त्यानं तिथून निघायचं.

वास्कोच्या बायणा किनाऱ्याविषयी आमच्याकडं दबक्या आवाजात बोलतात. गोदीच्या आसऱ्यानं तिथं झोपड्या वाढल्या आणि त्यात वेश्यावस्तीही. तिथल्या कित्येक बाया उत्तर कर्नाटकातल्या, त्यांतल्या अनेक यल्लम्माला सोडलेल्या. ज्या डोंगरावर आपण माघी पुनवेला नवस फेडायला जातो तोच हा सौंदत्तीचा डोंगर. देवदासी प्रथेवर मुंबई इलाख्यात 1934 ला आणि कर्नाटकात 1982 ला कायदा झाला. कायद्यानं मुली सोडणं गुन्हा ठरलं, पण ज्या आधीच सोडल्या गेल्या होत्या त्यांच्या चुलीचं काय करायचं हे कुणी नीट ठरवलं नाही. त्या घाट उतरल्या. हायकोर्टाच्या आदेशानंतर 14 जून 2004 ला बायणावर बुलडोझर फिरला. तारीख पुन्हा वाचा: 14 जून. मृग लागून आठवडा झालेला, गोव्याचा पाऊस ऐन भरात. त्या रात्री बेघर झालेल्या बायांना 'गावी जा' म्हणणं सोपं होतं, गाव त्यांना घेईल का हा प्रश्न वेगळा.

'गावी जा' हे पालुपद तसं मुंबईचं. 1981 ला महाराष्ट्र सरकारनं फुटपाथवाल्यांना उठवून आपापल्या मुलखात धाडायचं ठरवलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1985 च्या निकालात कोर्टानं म्हटलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचं साधनही येतं. मात्र नोटीस देऊन उठवता येईल, असंही म्हटलं. त्यानंतर 2010 पासून बेघरांसाठी निवारे उभारायचे आदेश झाले, 2013 नंतर राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात त्याचं माप ठरलं: एक लाख शहरी लोकसंख्येमागं शंभर माणसांचा एक निवारा. हे माप पर्यटनाच्या गावाला लावून बघा. 2011 ला पणजीची वस्ती चाळीस हजार. कळंगुट तर पंचायत, वस्ती चौदा हजारांच्या आसपास. येणारे पर्यटक आणि त्यांच्यामागून येणारे मजूर दोन्ही या आकड्यात नाहीत. मापाप्रमाणं जायचं तर कळंगुटला निवाऱ्याचा सातवा भाग येतो. 1979 च्या कायद्यात परराज्यातून आणलेल्या मजुराला ठेकेदारानं राहायला जागा द्यावी असं स्पष्ट लिहिलं होतं. पण त्यासाठी मजूर ठेकेदाराच्या वहीत असावा लागायचा. नाक्यावर सकाळी उभा राहणारा कुणाच्याच वहीत नसतो.

आणि या सगळ्यांना गोव्यात एकच नाव: घांटी. म्हणजे आपला घाटी, अनुनासिक करून. 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण 34,021 मतांनी हरलं, तेव्हाच्या प्रचारातही घाटावरून येणाऱ्या लोंढ्यांची भीती होतीच. आता बेळगावात बघा. इथं 1956 पासून आपण मराठी की कन्नड या एकाच प्रश्नावर मोर्चे काढतो, बोर्डांना काळं फासतो, 1 नोव्हेंबरला काळ्या फिती लावतो. माझं स्वतःचं आयुष्य त्यात गेलंय आणि त्यात मला खोटं काही वाटत नाही. पण चोर्ला उतरलं की रामदुर्गचा कन्नड गवंडी आणि खानापूरचा मराठी वेटर एकाच शब्दात बसतात. मीही बसतो. लॉजवाल्यानं त्या रात्री माझं आधार कार्ड बघून भाव सांगितला, तेव्हा त्याच्या ओठांवर तोच शब्द होता असं मला उगाच वाटून गेलं.

तरी गोवेकरांवर तोंडसुख घेण्याआधी आपली घरपट्टीची पावती काढून बघावी. कर्नाटकात 1975 च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली घरपट्टीवर 3 टक्के भिक्षुक उपकर लागतो. ज्याच्या नावावर घर आहे तो दरवर्षी भरतो. मी वीस वर्षं भरतोय आणि त्यातून भिकाऱ्यांना पकडून ठेवायची केंद्रं चालतात, हे मला अलीकडं कळलं. बेळगाव स्टेशनाबाहेर पहाटे पाचला पांघरुणं झटकून उठणारी माणसं मी लहानपणापासून बघतोय. त्यांना गाव विचारायचं मात्र माझ्या कधी मनात आलं नाही. ते सुचायला म्हापशाला गाडी हुकावी लागली.

पहाटे साडेपाचला पिकअप आली, गवंडी गोणीसकट मागच्या फळीवर चढला. अंगठ्याची गाठ सोडायचं विसरला होता, बाईनंच वाकून सोडली. मग माझ्याकडं वळली.

"अण्णा, रेशनला अंगठा लावायला गावाला जायचंय मृगाच्या आधी. बेळगावात रामदुर्गची गाडी अजून त्याच फलाटाला लागतीया न्हवं? मधी बदललं म्हणत होती सगळी."

मला माहीत नव्हतं. जन्म बेळगावात गेला, पण रामदुर्गच्या गाडीत मी एकदाही बसलो नाही. विचारून ठेवतो म्हणालो. चोर्ला चढताना समोरून बेळगावची भाजी घेऊन टेंपो उतरत होते. एकाच्या कोबीच्या पोत्यांवर तिघं बसून होते, मधल्याच्या मांडीवर गोणी.